परातीतल्या चार मेणबत्त्या: मुलांसोबत घरचा आगमनकाळ

पहिल्या वर्षी मी सगळंच करायला घेतलं होतं. चोवीस खणांचं कॅलेंडर, रोज एक अख्खा अध्याय, रंगीत कागदांची साखळी, रोजचं एक सत्कृत्य आणि शनिवारी केक. आठ डिसेंबरला धाकट्याला ताप आला, मोठीची चाचणी परीक्षा तोंडावर आली, आणि टेबलावरचा तो कागदांचा पसारा बघून मला रडूच फुटलं. साखळी कपाटात गेली ती गेलीच. पण नाताळात आजीने मुलांना विचारलं, "काय काय केलंत रे?" तेव्हा मोठी म्हणाली, "आम्ही अंधार करून मेणबत्ती लावायचो."

बाकी काहीच तिच्या लक्षात नव्हतं.

त्याला आता सात वर्षं झाली. माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट मंडळीतलं. सासर वसईचं, कॅथलिक. आम्ही राहतो ठाण्यात. माहेरी नाताळ म्हणजे फराळ, गाणी आणि पंचवीसची सकाळची उपासना. सासरी 'आगमनकाळ' हा शब्द चर्चमधल्या जांभळ्या झग्यासकट ओळखीचा. दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन, बरंचसं टाकून, जे टिकलं ते इथे लिहिते आहे.

आधी तारीख बघा

आगमनकाळ नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा. पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार, म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्येच येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला. २०२८ मध्ये थेट ३ डिसेंबरला, आणि त्या वर्षी चौथा रविवार हाच २४ तारखेचा. त्यामुळे हा काळ कधी अठ्ठावीस दिवसांचा असतो, कधी बावीसच दिवसांचा. दुकानातली आगमनकाळाची चोवीस खणांची कॅलेंडरं मात्र बहुतेक १ डिसेंबरला सुरू होतात. दोन्ही मोजण्या एकदम चालवू नका. मुलं गोंधळतात आणि आपणही. आमच्याकडे रविवारच खरा.

मग वर्षाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलांच्या परीक्षा, शाळेचं स्नेहसंमेलन, घरातली लग्नं आणि गावी जायची तारीख लिहून काढा. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे लग्नसराई, हे धरूनच चाला. जे दिवस उरतात तेवढेच तुमचे.

परात

आगमनकाळात हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या मांडतात आणि दर रविवारी एकेक वाढवत लावतात. या चक्राला, इंग्रजीतल्या 'रीथ'ला, मराठीत पुष्पचक्र म्हणतात आणि पुष्पचक्र म्हटलं की डोळ्यांसमोर अंत्यविधी येतो. माझ्या सासूबाईंनी तर पहिल्या वर्षी तो शब्द ऐकून "देवा, कोण गेलं?" असंच विचारलं. म्हणून आमच्या घरी तिचं नाव 'परात'.

ही पद्धत रुजली जर्मनीत. हॅम्बर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न हे गरीब मुलांसाठी एक घर चालवायचे. मुलं रोज विचारून भंडावून सोडायची, नाताळला किती दिवस राहिले? १८३९ साली त्यांनी गाडीचं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या वारांच्या छोट्या तांबड्या. रोज एक वाढवायची. म्हणजे मुळात ही मुलांच्या भुणभुणीवर शोधलेली युक्ती आहे, हे लक्षात ठेवलं की फार दडपण येत नाही.

तिकडे चाकाला फरच्या फांद्या गुंडाळतात. आपल्याकडे वसईच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, त्यांची डहाळी दिसायला अगदी तशीच. आम्ही दोन वर्षं वापरली. आठवड्याभरात ती खडखडीत वाळते, आणि वाळलेली सुरू ठिणगी पडायची वाटच बघत असते. तिसऱ्या वर्षी एका टोकाने पेट घेतला. तांब्याभर पाणी ओतलं आणि विषय संपला, पण तेव्हापासून कोरडं काहीही नाही.

आता असं करतो. पितळी किंवा स्टीलची मोठी परात घ्यायची. तिच्यात चार छोट्या वाट्या गोल मांडायच्या आणि मधे एक. वाट्यांत ओली वाळू दाबून भरायची, त्यात मेणबत्त्या दोन बोटं खोल रोवायच्या. परातीत पाणी, पाण्यावर आंब्याची पानं आणि शेवंती. फुलवाल्याकडे जांभळे ॲस्टर मिळाले तर उत्तमच. पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलायचं, नाहीतर डासांची पैदास होईल आणि सोसायटीत फवारणीवाले आले की तेच आधी दाखवतील.

कॅथलिक पद्धतीत तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. जांभळा हा पश्चात्तापाचा आणि तयारीचा रंग. तिसरा रविवार आनंदाचा, त्या दिवशी फिलिप्पैकरांस पत्र ४:४ मधलं 'आनंद करा' आठवायचं, म्हणून गुलाबी. मधली पांढरी नाताळची, ती आधी लावायची नाही. बऱ्याच प्रोटेस्टंट घरी चारही लाल किंवा पांढऱ्या असतात आणि त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात. क्रम मंडळीगणिक बदलतो, त्यावरून वाद घालू नका. जांभळ्या मेणबत्त्या आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत. साध्या पांढऱ्या घ्या आणि बुडाशी रंगीत रिबीन बांधा. ज्योत रिबिनीपासून चार बोटांवर आली की मेणबत्ती बदलायची.

मेणबत्त्या जाड घ्या. हिशेब सोपा आहे: २०२६ मध्ये पहिली मेणबत्ती सव्वीस संध्याकाळी जळेल, दुसरी एकोणीस, तिसरी बारा, चौथी फक्त पाच. रोज सात मिनिटं म्हटली तरी पहिलीला तीन तास पुरायला हवं. शेवटच्या आठवड्यात चार मेणबत्त्यांची एक उतरंड तयार होते. धाकट्याला ती फार आवडते. "ही सगळ्यात जास्त थांबली," म्हणून तो पहिल्या मेणबत्तीच्या बुटकुल्या खोडाला बोट लावून बघतो.

सात मिनिटं

वेळ ठरवताना आमची बरीच फरफट झाली. जेवणानंतर मुलं पेंगायची. झोपताना करायचं तर मधेच पाणी, शू, उद्याची वही. सकाळी तर विचारूच नका. शेवटी जमलं ते असं: ताटं वाढून झाली, वरणाची वाफ निघते आहे, कुणी हात लावायचा नाही, आता परात. भूक लागलेली असते म्हणून कुणीही लांबण लावत नाही. यात नवराही आला. तो प्रार्थनेला लागला की वसईपासून विरारपर्यंतच्या सगळ्यांची नावं घेतो. लोकल उशिरा आली आणि तो वेळेत पोचला नाही तर त्याच्यावाचून करतो. थांबत बसलो की ते कधीच होत नाही.

क्रम असा:

पंखा बंद. हसू नका, ही पहिली पायरी आहे. पंख्याखाली मेणबत्ती एक तर विझते नाहीतर एका बाजूने गळते. मग दिवे बंद. अर्धं मिनिट गप्प बसायचं, आणि हे अर्धं मिनिट अजिबात वगळायचं नाही. यशयाच्या नवव्या अध्यायातले अंधारात चालणारे लोक मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. ती आत्ता त्याच अंधारात बसलेली असतात.

मग एक मूल मेणबत्ती लावतं. सहा वर्षांखालच्या मुलाच्या हातावर आपला हात. लावताना एकच ओळ म्हणायची, पूर्ण महिना तीच. आमची आहे: "प्रभू, तू ये. आम्ही वाट बघतोय."

मग बायबलमधलं वाचन, पाच ते आठ ओव्यांएवढंच. मग एक प्रश्न, एकच. मग प्रत्येकाने दोन वाक्यं: आज कशासाठी आभार, आणि आज कुणासाठी मागायचं. मुलांची प्रार्थना दुरुस्त करू नये. धाकट्याने सलग नऊ दिवस वॉचमन काकांच्या लंगड्या कुत्र्यासाठी मागितलं. दहाव्या दिवशी वॉचमन काकांसाठी मागितलं. आपण मधे पडलो असतो तर तो कुत्र्यावरच थांबला असता. शेवटी प्रभूची प्रार्थना आणि गाण्याचं एक कडवं.

गाणं संपूर्ण आगमनकाळाला एकच ठेवा, दर आठवड्याला एक कडवं वाढवा. इंग्रजी कॅरल मुलं शाळेत शिकतातच. घरी मराठी म्हणा. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडलं नाही, ते ख्रिस्ताच्या पायाशी आणलं. मंडळीच्या गीतपुस्तकात त्यांची पदं सापडतील. टाळ असतील तर धाकट्याच्या हातात द्या. तालाचा विचार करू नका.

आता मेणबत्ती विझवायची कुणी? यावरून आमच्याकडे हाणामारी झालेली आहे. नियम: एकाने लावायची, दुसऱ्याने विझवायची, उद्या उलट. आणि फुंकर मारायची नाही. हे सासूबाईंनी लावलेलं वळण. दिव्यावर फुंकर घालू नये, दिवा 'शांत करावा' असं त्या म्हणतात. लांब दांड्याची पळी ज्योतीवर उपडी धरली की झालं. मेण उडत नाही आणि मुख्य म्हणजे वाढदिवसाचा गोंगाट होत नाही. धुराची ती एक बारीक रेघ वर जाताना दोघंही आपसूक गप्प होतात.

काय वाचायचं

बाजारात तयार पुस्तिका मिळतात, बहुतेक इंग्रजीत, आणि त्यातला बर्फ आपल्या मुलांच्या कामाचा नाही. बायबल उघडा, पुरेसं आहे.

पहिल्या आठवड्यात जुन्या वचनांच्या गोष्टी: उत्पत्ती १ मधला प्रकाश, १५:५ मध्ये अब्राहामाला दाखवलेले तारे, अठराव्या अध्यायात दाराआड हसलेली सारा, निर्गम २ मधली नदीवर सोडलेली पेटी. ताऱ्यांच्या दिवशी गच्चीवर जा. आम्ही ठाण्यात अकरा मोजले, त्यातलं एक विमान निघालं. नगरला गेल्यावर तोच उतारा परत वाचला, आणि मोजता मोजता मोठीने हात टेकले. तेव्हा तिला अब्राहामाची गोष्ट कळली.

दुसऱ्या आठवड्यात रूथ, दावीद, संदेष्टे. १ शमुवेल १६ उश्या मांडून करायचा: शमुवेल संदेष्टा राजा निवडायला आलेला, इशायाचे सात मुलगे एकेक करून पुढे येतात, शमुवेल प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि आठवा, दावीद, मेंढरांमागे गेलेला. आठवी उशी आधीच बाल्कनीत लपवून ठेवा. यशया ११, मीखा ५:२ याच आठवड्यात.

तिसरा आठवडा पूर्ण लूकच्या पहिल्या अध्यायाचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत श्रीमंत. म्हातारपणी बाळ होईल असं देवदूत सांगतो, जखऱ्या याजकाला विश्वास बसत नाही म्हणून त्याची वाचा जाते. त्या संध्याकाळी घरातल्या एका मोठ्या माणसाने जेवण होईपर्यंत बोलायचं नाही, फक्त खुणा. मी एकदा खुणेने 'लोणचं' मागायला गेले तर मला पंखा लावून दिला. चार दिवसांनी बाळाचं नाव ठेवायची वेळ येते, जखऱ्या पाटी मागवतो आणि 'योहान' लिहितो, तेव्हा खरीच पाटी-पेन्सिल पुढे करा. मुलांनी पाटी पाहिलेली नसेल तर अजूनच मजा. मरिया जखऱ्याच्या बायकोला, अलीशिबेला, भेटायला जाते तो भाग आजीला वाचायला द्या. आमच्या वसईकडे तिला एलिझाबेथ म्हणतात, नगरकडे अलीशिबा. दोन्ही एकच हे एकदा सांगून टाका.

मरियेचं गीत, लूक १:४६ ते ५५, कधीही वाचता येईल, पण आम्ही ते मागे ओढून ६ डिसेंबरला वाचतो. त्या दिवशी दादरला चैत्यभूमीकडे निघालेल्या लोकांनी लोकल भरलेल्या असतात आणि मुलं विचारतात, एवढी माणसं कुठे चालली? बाबासाहेबांबद्दल सांगून मग ते कडवं वाचलं, ज्यात देव अधिपतींना आसनांवरून खाली ओढतो आणि दीनांना उंच करतो, की वेगळं काही समजावावं लागत नाही. हाच दिवस संत निकोलसच्या सणाचाही. मायरा गावचे बिशप, आजच्या तुर्कस्तानातले, चौथ्या शतकातले. गुपचूप देणारा माणूस म्हणून त्यांची ओळख. सांताचा प्रश्न आम्ही तिथेच मिटवतो आणि त्यावर अधिक चर्चा करत नाही.

चौथ्या आठवड्यात मत्तय १:१८ पासून योसेफाचं स्वप्न, मग लूक २. इथे मराठी बायबलचे शब्द मुलांना अडतात, आणि अडू द्यावेत. 'नावनिशी' म्हणजे काय? जनगणना. घरोघरी येऊन नावं लिहून नेतात ती. 'गव्हाणी' म्हणजे काय? मी गुगलवर चित्र शोधायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, "थांब, चल खाली." शेजारच्या वाडीत एक म्हैस उरली आहे. दगडी गव्हाणी, आत ओला चारा, कडेला जिभेने चाटून चाटून गुळगुळीत झालेला दगड. मोठीने हात फिरवला आणि लगेच काढून घेतला. "यात बाळ?"

'बाळंतं' हा तिसरा शब्द. आजीने पेटीतून जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे काढले, यात तुझ्या बाबाला गुंडाळलं होतं म्हणाली, आणि बाहुलीवर दाखवलंही. हात कसे आत घ्यायचे, टोक कुठे खोचायचं. बायबलचा अभ्यास एवढा चांगला मी कधी केला नव्हता.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी बायबल वाचताना अडखळायला होतं. त्यांच्याकडून जबरदस्तीने वाचून घेऊ नका. तुम्ही मराठीत वाचा, त्यांना त्यांच्या भाषेत गोष्ट परत सांगू द्या. तीन वर्षांच्या मुलाला वाचनाऐवजी हातात धरायला वस्तू द्या: दगड, पीस, भाकरीचा तुकडा. किशोरवयीन मुलाला प्रश्न विचारू नका, प्रश्न काढायचं काम द्या. मोठी तेरा वर्षांची झाल्यापासून तिचे प्रश्न मला झोपू देत नाहीत. योसेफ 'नाही' म्हणाला असता तर?

शेवग्याची फांदी

इशायाचं झाड ही युरोप-अमेरिकेतल्या घरांतली रीत. यशया ११:१ मध्ये इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल असं वचन आहे. त्यावरून एक वाळकी फांदी उभी करायची आणि रोजच्या गोष्टीचं एक चिन्ह कागदावर काढून तिला टांगायचं. तारा, पेटी, शिडी, मेंढरू, पाटी. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, दोरा, स्केचपेन, बस्स. चित्र सुंदर आलंच पाहिजे असा आग्रह धरलात तर तिसऱ्या दिवशी तुम्हीच एकटे चित्रं काढत बसाल.

फांदी आम्ही पेरूची वापरायचो. चार वर्षांपूर्वी पेरूची मिळाली नाही, सोसायटीतल्या माळीमामांनी शेवग्याची हातभर तोडून दिली. कळशीत वाळू भरली, फांदी हलू नये म्हणून वाळू ओली केली, रोज थोडं पाणी शिंपडलं. बाकी कुणी लक्ष दिलं नाही. सतरा की अठरा डिसेंबरला मोठी चिन्ह टांगायला गेली आणि ओरडली. सालीतून हिरवा ठिपका वर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. दोन दिवसांत तीन झाले. यशयाचा धुमारा आमच्या दिवाणखान्यात, माहीत असून मुद्दाम कुणी केला नसताना.

शेवगा फांदीवरून लागतो हे शेतकऱ्याच्या कुठल्याही पोराला ठाऊक असेल. मलाच सुचलं नव्हतं. जर्मनीत ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, चेरीच्या डहाळ्या पाण्यात ठेवतात म्हणजे नाताळला फुलतात. त्याचाच हा आपला शेवगा. तुम्ही मुद्दाम करणार असाल तर अंगठ्यापेक्षा जाड, पक्क्या सालीची फांदी घ्या, नोव्हेंबरच्या शेवटी वाळूत वीतभर खोल रोवा, वाळू ओलसर ठेवा पण चिखल नको, आणि खिडकीजवळ ठेवा. मुलांना आधी सांगू नका. फुटली नाही तर काही बिघडत नाही, फांदी म्हणून ती उभी आहेच. पुढच्या वर्षी आमची फुटली नव्हती.

गवताच्या काड्या

रिकामी गव्हाणी ठेवायची, प्रत्येक चांगल्या कामाला एक काडी टाकायची, म्हणजे नाताळपर्यंत बाळासाठी मऊ बिछाना होतो. ऐकायला गोड आहे. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात मोठीने एका संध्याकाळी चौदा काड्या टाकल्या आणि धाकट्याच्या काड्या मोजून दाखवल्या. पुण्याची बँक झाली ती.

म्हणून नियम उलटा केला. आपण केलेल्या कामाची काडी नाही. दुसऱ्याने आपल्यासाठी केलं ते आठवलं तर काडी. "आज रिक्षावाल्या काकांनी बाटली परत आणून दिली." "ताईने रबर दिलं." आता मोजायला कुणाला सुचत नाही. गव्हाणी म्हणजे बुटांचं खोकं, काड्या म्हणजे फळवाल्याकडे पेटीत येतं ते वाळकं गवत. तो हसत हसत देतो.

काडेपेट्यांच्या कॅलेंडरबद्दल थोडक्यात: चोवीस रिकाम्या काडेपेट्या एकावर एक चिकटवा, कागद लावा, आकडे घाला. रोज चॉकलेट ठेवू नका. आठवड्याला दोनदा चिक्की, बाकी चिठ्ठ्या: "आज आजोबांना फोन कर", "३ डिसेंबर, संत फ्रान्सिस झेवियर, नकाशावर जुनं गोवं शोध". दोन पेट्या रिकाम्या ठेवा. वेळ नसेल तर हा अख्खा प्रकार सोडून द्या, काही अडत नाही.

स्वयंपाकघर

तिसऱ्या रविवारी, गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी, कलकल. नगरला माझ्या आईकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा दिवाळीसारखाच फराळ होतो. कलकल मी सासरी शिकले. मुलांसाठी याहून चांगलं काम नाही. अर्धा किलो मैदा, त्यात दोन चमचे तूप, चवीला मीठ, पाव वाटी पिठीसाखर, आणि मावेल तेवढं नारळाचं दूध घालून पुरीपेक्षा किंचित मऊ पीठ मळायचं. अर्धा तास झाकून ठेवायचं. सुपारीएवढी गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. रेघा उठलेला छोटा शिंपला तयार होतो. अंगठ्याला तेल लावलं नाही तर पीठ चिकटतं. पहिल्या वीस वाकड्या होतात, त्या वेगळ्या ठेवून आधी तळायच्या आणि लगेच खायच्या. तळण आपलं, मंद आचेवर. मुलं गॅसपासून लांब.

डबा भरला की वरचा थर शेजाऱ्यांचा. तो मुलांनीच नेऊन द्यायचा, आणि दिवाळीत ज्यांच्याकडून ताट आलं होतं त्यांच्याकडे आधी. उरलेला डबा चोवीसच्या रात्रीपर्यंत उघडायचा नाही असा आमचा नियम आहे. तो मोडतो मी.

गोठा

१२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी बेथलेहेमचा देखावा उभा केला, तिथून ही परंपरा पसरली. वसईत चौकाचौकांत माणसाच्या उंचीचे गोठे उभे राहतात. घरच्यासाठी फळांची एक पेटी पुरे. पण हिरवळ खरी पेरा. घटस्थापनेचं धान्य पाहिलेल्या घरात हे शिकवायला नको. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवा, पसरट ताटलीत दोन बोटं मातीवर दाट पेरा, ओल्या फडक्याखाली दोन दिवस, मग उजेडात. गव्हाला थंडीत आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे १४ डिसेंबरच्या आसपास पेरणी. पाणी शिंपडायचं काम एकाच मुलाला द्या. दोघांना दिलं की माती तरंगते.

मरिया, योसेफ, गाढव हे चौथ्या रविवारी. मेंढपाळ चोवीसच्या संध्याकाळी. बाळ चोवीसच्या रात्री मिस्सेहून, म्हणजे कॅथलिक उपासनेहून, परत आल्यावर, किंवा ज्यांची उपासना पंचवीसच्या सकाळी त्यांनी सकाळी. तोवर बाळाची मूर्ती कपाटात, किल्ली आजीकडे. शाळेत, मॉलमध्ये, व्हॉट्सॲपवर पंधरा दिवस आधी नाताळ उजाडलेला असतो. घरात तेवढी एक रिकामी जागा राहू द्यायची. मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून बाळाला भेटायला आलेले ज्ञानी, पूर्वेकडचे, म्हणून ते पुस्तकांच्या कपाटावरून निघतात. रोज थोडे पुढे सरकतात, टीव्हीवरून, फ्रिजवरून, आणि ६ जानेवारीला पोचतात. सरकवायचं काम कोण करतं हे कुणी विचारत नाही.

बुडालेले दिवस

बुडणार. ताप येईल, पाहुणे येतील, तुम्हीच थकून भांडाल. राहिलेलं भरून काढायचं नाही, आजचं आज. रविवारी मेणबत्त्यांची संख्या मात्र पुढे जाते, मधला आठवडा बुडाला तरी. गावी जाताना एका डब्यात मेणबत्तीचं थोटूक, काडेपेटी आणि वाचनाची चिठ्ठी. आम्ही एकदा बसस्टँडवर मोबाइलचा टॉर्च लावून केलं.

सासरे गेले तो नोव्हेंबरचा शेवट होता. तारा लावायचा नाही, फराळ नाही, हे ठरलेलंच होतं. परातीचं कुणी बोललं नाही. पहिल्या रविवारी सासूबाईंनीच माळ्यावरून ती काढायला सांगितली. त्या वर्षी गाणं म्हटलं नाही. एक मेणबत्ती, अंधार, आणि ती एक ओळ. पुढच्या आठवड्यात धाकट्याने आपणहून पहिलं कडवं सुरू केलं.

आवराआवर

६ जानेवारीनंतर मेण सुरीने खरवडून एका डब्यात जमवा. वाळू गाळून, वाळवून परत पिशवीत. कागदी चिन्हांमागे मुलाचं वय लिहा. आमच्याकडे मेंढरांचे सात कळप आहेत आणि पहिल्यातल्या मेंढरांना पाच-पाच पाय आहेत. फुटलेली शेवग्याची फांदी माळीमामांनी कंपाउंडच्या कडेला लावली. आता तिच्या शेंगा सोसायटीतले सगळे काढून नेतात, आणि नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही तिचीच एक फांदी मागून आणतो.

डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवून ठेवा, पुढच्या वर्षीच्या स्वतःसाठी. आमच्या झाकणावर मोठीच्या अक्षरात आहे: जाड मेणबत्ती. नवा कंगवा. बाबांची प्रार्थना छोटी.